मोठे टायर चढवण्याआधी अ‍ॅक्सलचा हिशेब करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑफ-रोड गाड्यांबद्दल आपल्या पेपरात हल्ली बरंच छापून येतं, छान वाटतं, पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून हे पत्र लिहितोय. टायर कुठले घ्यायचे, लिफ्ट (गाडी उंच करणं) किती इंच, विंच कुठला, लाईट कुठले यावर रकानेच्या रकाने असतात आणि अ‍ॅक्सलचा (दोन चाकांमधला आडवा सांगाडा, ज्याच्या आत चाकं फिरवणारे शाफ्ट असतात) विषय आला की "हेवी ड्युटी अ‍ॅक्सल टाकून घ्यावेत" एवढं एक वाक्य टाकून लेखक पुढे निघून जातो. कुठले हेवी ड्युटी, किती वजनाला, कुठल्या टायरला, काहीच नाही. मग वाचणारा काय करणार, इंटरनेटवर सगळ्यात मोठं नाव दिसेल ते धरून बसतो, नाहीतर मोठे टायर चढवतो आणि अ‍ॅक्सल "नंतर बघू" म्हणून सोडून देतो. या दोन्हीत नुकसान त्याचंच आहे, आणि दुसऱ्यात तर जिवाशी खेळ आहे.

माझं म्हणणं साधं आहे. अ‍ॅक्सल नावावरून निवडायचा नसतो, तो टायरचा आकार, भरलेल्या गाडीचं वजन आणि लो रेशोमधलं (हळू पण जास्त ओढीने चालवणारं) गिअरिंग या तीन गोष्टींवरून निवडायचा असतो, आणि त्यानंतर एक प्रश्न विचारायचा असतो की शाफ्ट तुटला तर चाक जागेवर राहील का. या चार गोष्टी कागदावर मांडल्या की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आता हिशेबच करून दाखवतो म्हणजे हवेतलं वाटणार नाही. समजा गाडी भरून २२०० किलो आहे, इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३०० न्यूटन मीटर, पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा (पुढे आणि मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी) लो २.७ आणि डिफरन्शियलचा (दोन्ही शाफ्टना ताकद वाटणारा मधला गिअरचा गोळा) रेशो ४.१०. सगळ्याचा गुणाकार केला तर १३,२०० च्या वर न्यूटन मीटर होतात, म्हणजे मधलं थोडं घर्षणात गेलं असं धरलं तरी चाकांपर्यंत प्रचंड टॉर्क पोचू शकतो. पण एवढा सगळा टॉर्क शाफ्टवर येतो का, तर नाही, कारण टायर त्याआधीच घसरतो. टायर जितकी पकड धरेल तितकाच टॉर्क शाफ्टवर येणार, हे नीट लक्षात घ्या, कारण अ‍ॅक्सलची सगळी निवड याच्यावर उभी आहे. आणि पकड कशावर ठरते, तर चाकावर किती वजन आहे, खालची जमीन कशी आहे आणि टायरची त्रिज्या किती आहे.

तीच गाडी कोरड्या खडकावर ३५ इंची टायरवर उभी चढतेय असं धरा. चढावर वजन मागे सरकतं, समजा ७० टक्के मागच्या अ‍ॅक्सलवर आलं. त्रिज्या साधारण ०.४४ मीटर, खडकावर हवा कमी केलेल्या मऊ टायरची पकड जवळजवळ वजनाइतकीच मिळते, तर मागच्या अ‍ॅक्सलवर साधारण ६,६०० न्यूटन मीटर येऊ शकतात. डिफरन्शियल ओपन, म्हणजे साधा, असेल तर दोन्ही शाफ्टला निम्मं निम्मं मिळतं, आणि एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही काही मिळत नाही, गाडी जागेवर, पण शाफ्ट शाबूत. लॉकर (दोन्ही शाफ्ट एकत्र बांधून एकाच वेगाने फिरवणारं साधन) लावला की गोष्ट बदलते. एक चाक हवेत आणि दुसरं खडकात रुतलेलं असेल तर ते सगळेच्या सगळे ६,६०० त्या एकाच शाफ्टमधून जातात. म्हणजे लॉकर टाकल्यावर शाफ्टवरचा सगळ्यात वाईट लोड सरळ दुप्पट झाला, इंजिनला हातही न लावता! म्हणून लॉकर टाकायचा विचार असेल तर शाफ्टचा विचार त्याच दिवशी करायचा.

आणि हे झालं शांतपणे चढणाऱ्या गाडीचं. चाक हवेत जोरात फिरतंय, ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर सोडला नाही आणि ते फिरतं चाक एकदम दगडावर टेकलं, तर फिरणाऱ्या टायरमध्ये साठलेली सगळी ताकद एका झटक्यात शाफ्टवर येते. शाफ्ट तुटतात ते बहुतेक अशाच वेळी, आवाज येतो खाडकन आणि मग गाडी ढिम्म. टायर जेवढा मोठा आणि जड तेवढा हा झटका मोठा. म्हणून ३० इंचीवरून ३७ इंचीवर जाताना फक्त त्रिज्येच्या हिशेबाने लोड २३ टक्के वाढला असं समजून चालू नका, झटक्याचा वाटा त्याच्याहून बराच जास्त वाढतो.

शाफ्टची ताकद त्याच्या व्यासाच्या घनावर जाते, आणि हे माहीत असलं की कॅटलॉग वाचणं खूप सोपं होतं. १.३१ इंची शाफ्ट म्हणजे ३० स्प्लाइनचा (स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे दात), आणि १.५० इंची म्हणजे ३५ स्प्लाइनचा. डोळ्याला फरक किरकोळ दिसतो, पण घन केला तर एक सव्वादोन आणि दुसरा ३.३७, म्हणजे त्याच स्टीलमध्ये बरोब्बर दीडपट ताकद. दुसरी बाजू मटेरियलची. कंपनीतून येणारे शाफ्ट बहुतेक साध्या कार्बन स्टीलचे, वरून इंडक्शन हार्डनिंग केलेले असतात. ४३४० क्रोमोली मिश्रधातूचे शाफ्ट घेतले तर त्याच व्यासात बरीच जास्त ताकद मिळते आणि हौसिंग (बाहेरचं कवच) बदलावं लागत नाही. मध्यम गाडीसाठी हा सगळ्यात शहाणपणाचा पहिला खर्च आहे असं माझं मत आहे, पूर्ण अ‍ॅक्सल बदलण्याआधी हे करून बघावं.

शाफ्ट थकलाय का हे कळायला एक सोपी युक्ती आहे, कुणीही करू शकतो. शाफ्ट बसवताना त्याच्या लांबीवर पेंटच्या पेनने एक सरळ रेघ मारून ठेवायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुढच्या वेळी शाफ्ट बाहेर काढला की रेघ बघायची. सरळ असेल तर उत्तम. स्प्लाइनच्या आसपास ती रेघ तिरकी पडलेली दिसली, किंवा स्प्लाइनचे दातच किंचित पीळ पडल्यासारखे दिसले, तर तो शाफ्ट कायमचा वळलाय, त्याची मुदत संपली, तो स्पेअर म्हणूनसुद्धा गाडीत ठेवू नका. तुटलेल्या शाफ्टचं तोंडही बघण्यासारखं असतं. काही वेळा त्यावर एका कडेपासून निघालेल्या गुळगुळीत कमानी दिसतात आणि बाकीचा भाग खरबरीत असतो, म्हणजे तडा बऱ्याच दिवसांपासून वाढत होता आणि शेवटच्या झटक्याने फक्त उरलेला भाग तोडला. हे बघितल्याशिवाय नवीन शाफ्ट टाकून मोकळं होऊ नका, कारण तडा कुठून सुरू झाला त्यावरून पुढचा बंदोबस्त ठरतो.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, सेमी फ्लोटिंग की फुल फ्लोटिंग. हा फरक लेखांमध्ये एका ओळीत उरकतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं. सेमी फ्लोटिंगमध्ये चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसतं. म्हणजे एकच शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो, पीळही त्यालाच आणि वाकही त्यालाच. त्यातल्या काही अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट आतल्या टोकाला फक्त एका सी-क्लिपने अडकवलेला असतो, अशा अ‍ॅक्सलचा शाफ्ट तुटला तर बाहेरचा तुकडा चाकासकट हौसिंगमधून बाहेर सरकतो. कल्पना करा, एका बाजूला दरी आहे, गाडी तिरकी आहे आणि मागचं चाक ब्रेकसकट निघून चाललंय.

फुल फ्लोटिंगमध्ये हौसिंगच्या टोकाला स्पिंडल (न फिरणारी पोकळ नळी) असतो, त्यावर दोन टेपर बेअरिंगवर हब (चाक बसतं तो भाग) फिरतं आणि गाडीचं सगळं वजन हब आणि स्पिंडल घेतात. शाफ्टला फक्त पीळ देण्याचं काम. तो तुटला तरी चाक जागच्या जागी, ब्रेक जागच्या जागी. हबच्या तोंडावरचे बोल्ट काढले की गाडी जॅकवर न घेता, चाक न काढता शाफ्ट हाताने बाहेर ओढता येतो. तुटलेला आतला तुकडा मात्र लोहचुंबकाने किंवा दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून तिकडून लांब सळईने ढकलून काढावा लागतो, आणि तो काढायलाच हवा, आत राहिला तर डिफरन्शियलचं वाटोळं करतो. नवा शाफ्ट सरकवला, कमी झालेलं तेल भरलं की गाडी चालू. स्पेअर शाफ्ट नसेल तर हबच्या तोंडाला झाकण लावून पुढच्या चाकांच्या जोरावर बाहेर पडता येतं. चिखलात, अंधारात, मदत लांब असताना याची किंमत कळते. भरपूर सामान घेऊन लांब निर्जन भागात जाणाऱ्या जड गाडीला मागे फुल फ्लोटिंगच हवा, यात माझ्या मनात काही शंका नाही. हलक्या गाडीला, जी संध्याकाळी परत येणार आहे, तिला चांगला सेमी फ्लोटिंग पुरतो, फक्त तो सी-क्लिपवाला नसावा.

याच जोडीला एक सांगून टाकतो. चाक बाहेरच्या बाजूला सरकवणारे स्पेसर किंवा खूप बाहेर आलेली रिम लावली की सेमी फ्लोटिंगच्या बेअरिंगवरचा आणि शाफ्टवरचा वाक वाढतो. गाडी रुबाबदार दिसते हे खरं, पण तो वाक दर फेऱ्याला एकदा येतो आणि वाकाने शाफ्ट थकतो.

नावांकडे येतो, कारण वाचकांना नावंच आधी विचारायची असतात. डाना या अमेरिकन कंपनीचा डाना ४४ हा मध्यम वर्गाचा अ‍ॅक्सल, क्राऊन गिअर (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) साधारण साडेआठ इंची. डाना ६० हा एक टनी (साधारण एक टन माल वाहणाऱ्या वर्गातल्या) पिकअपमधून आलेला, क्राऊन पाऊणेदहा इंची, पुढे लावायला आणि मागे लावायला दोन्ही रूपात मिळतो. फोर्डचा नऊ इंची १९५७ सालचा, पण आजही लोक तो का घेतात तर त्याचा सगळा डिफरन्शियल समोरून एका ठोकळ्यासारखा बाहेर येतो, दुसरा तयार ठोकळा बसवून गाडी हलवता येते, आणि पिनियनला (क्राऊन फिरवणारा छोटा गिअर) पुढच्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो. त्याचा पिनियन मध्यापासून बराच खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर जास्त घासत जातात, ताकद मिळते पण उष्णता आणि घर्षण वाढतं आणि प्रोपेलर शाफ्टचा (ट्रान्सफर केसकडून डिफरन्शियलकडे येणारा लांब दांडा) कोनही वाढतो. जनरल मोटर्सचा १४ बोल्टवाला फुल फ्लोटिंग, क्राऊन साडेदहा इंची, पिनियनला तिथेही तिसरं बेअरिंग, मागे लावायला दणकट आणि प्रामाणिक अ‍ॅक्सल, पण जड आहे आणि त्याचं पोट खाली लोंबतं, म्हणून बरेच जण खालचा भाग कापून सपाट करून घेतात. टोयोटाचा पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल त्याच्या बंद गोळ्यातल्या सीव्ही जॉइंटमुळे (चाक वळलेलं असतानाही सारख्या वेगाने फिरवणारा सांधा) प्रसिद्ध आहे. यातलं एकही नाव "सगळ्यात चांगलं" नाही. आणि डाना ४४ असं एक नाव घेतलं तरी त्यात वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या स्प्लाइनचे, वेगवेगळ्या जाडीच्या ट्यूबचे (हौसिंगच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या) अ‍ॅक्सल येतात, तेव्हा नावावर न जाता स्प्लाइन मोजा, शाफ्टचा व्यास मोजा, ट्यूब किती जाड आहे ते बघा.

कॅटलॉगमध्ये अ‍ॅक्सलचं रेटिंग लिहिलेलं असतं ते कशाचं आहे हेही नीट वाचायला हवं. वजन पेलण्याचं रेटिंग वेगळं आणि टॉर्कचं रेटिंग वेगळं. भारी वजन पेलणारा अ‍ॅक्सल लॉकरचा झटका सहन करेलच असं नाही. टॉर्कमध्येही सतत चालणारा आणि क्षणभराचा असे दोन आकडे असतात, विकणारे मोठा आकडा पुढे करतात, तुम्ही छोटा विचारा.

रेशोचं गणित टायरबरोबर बदलतं. ३० इंची टायरवर ४.१० चांगला चालत असेल तर ३७ इंचीवर तीच ओढ परत मिळवायला ४.१० ला ३७ ने गुणून ३० ने भागा, ५.०६ येतात, म्हणजे बाजारात मिळणारा ५.१३ घ्यावा लागतो. इथे एक गोम आहे जी कुणी सांगत नाही. रेशो वाढवायचा म्हणजे पिनियनचे दात कमी करायचे. ४.१० ला पिनियनवर १० दात असतात तर ५.१३ ला आठच. पिनियन लहान होतो, एका वेळी कमी दात एकमेकांत असतात, म्हणजे तोच अ‍ॅक्सल उंच रेशोत कमी ताकदीचा होतो. त्यामुळे मोठा टायर आणि उंच रेशो या जोडीला क्राऊनचा आकार एक पायरी वरचा लागतो. क्रॉलिंगसाठी (खडकांवरून अगदी हळू चढण्यासाठी) जास्तीचं गिअरिंग हवं असेल तर ते शक्यतो ट्रान्सफर केसमध्ये घ्यावं, सगळा भार क्राऊन पिनियनच्या रेशोवर टाकू नये. तिथलं घेतलेलं गिअरिंगही अ‍ॅक्सलवर येतंच, पण पिनियन तरी धडधाकट राहतो आणि हायवेवर इंजिनही बोंबलत नाही. आणि फोर बाय फोर गाडीत पुढचा मागचा रेशो सारखाच हवा, एक बदलला की दुसरा बदलणं आलंच, बजेट करताना लोक हेच विसरतात.

पुढच्या अ‍ॅक्सलचं दुखणं वेगळं. तिथे चाक वळतं, म्हणजे शाफ्टच्या मध्ये जॉइंट आला, आणि साखळीतली कमजोर कडी तोच जॉइंट. क्रॉसवाला यु-जॉइंट सरळ असताना दणकट असतो पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की त्याचे कान (क्रॉस धरणारे फाटे) एकमेकांच्या जवळ येतात, क्रॉसवरचा लोड वाढतो, आणि लॉकर चालू असताना पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो फुटतो. यावर खर्चिक उपाय म्हणजे चांगल्या स्टीलचे सीव्ही जॉइंट, आणि फुकटचा उपाय म्हणजे अडकलात की आधी स्टिअरिंग थोडं सरळ करा, मग जोर लावा. हाताने लॉक करायचे फ्री व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील तर पुढचा शाफ्ट तुटला तरी हब मोकळे करून गाडी मागच्या चाकांवर परत येऊ शकते, म्हणून मला अजूनही हातानेच फिरवायचे हब आवडतात. पुढे हाय पिनियन (पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा वर बसवलेला) मिळत असेल तर तो घ्या. साधा लो पिनियन गिअर सेट पुढे लावला की दातांची मागची, कमी ताकदीची बाजू गाडी ओढते. हाय पिनियनचे गिअर उलट कापलेले असतात, त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये दातांची खरी बाजू काम करते आणि प्रोपेलर शाफ्टही दगडांपासून वर राहतो. पण हेच उलट कापलेले गिअर मागे लावले तर तिथे तेच कमजोर ठरतात, तेव्हा "हाय पिनियन म्हणजे भारी" असं सरसकट धरू नका. चाक वळायच्या जागी किंगपिन (उभी खीळ) की बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) हा वादही जुना आहे. जुन्या डाना ६० मध्ये किंगपिन यायचे, मोठ्या टायरचे झटके ते जास्त दिवस सहन करतात असं वापरणारे सांगतात आणि मलाही ते पटतं.

जमिनीपासूनच्या उंचीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीला चार इंची लिफ्ट केली म्हणजे डिफरन्शियल चार इंच वर गेला असं बऱ्याच जणांना वाटतं. तो एक सूतही वर जात नाही. अ‍ॅक्सल चाकांच्या मध्यातून जातो, त्याला वर उचलणारी गोष्ट फक्त टायर, आणि ३० चे ३५ इंची केले तरी मिळतात अडीच इंच. त्यातले थोडे मोठ्या क्राऊनचं पोट परत खाऊन टाकतं. म्हणजे ३३ इंची टायरवर एक टनी अ‍ॅक्सल टाकला तर ताकद मिळाली पण पोट दगडांवर घासायला लागलं, वर स्प्रिंगच्या खालचं वजनही बरंच वाढलं, त्यामुळे शॉक अ‍ॅबसॉर्बर थकतात आणि खराब रस्त्यावर गाडी उड्या मारते. गरजेपेक्षा मोठा अ‍ॅक्सल हासुद्धा चुकीचाच अ‍ॅक्सल. उंचीचा खरा तोडगा पोर्टल अ‍ॅक्सल, जसा मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला असतो. त्यात अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर असतो आणि प्रत्येक चाकाशी गिअरची एक पेटी, त्यामुळे उंची मिळते आणि शेवटचं रिडक्शन चाकापाशीच झाल्यामुळे शाफ्ट आणि डिफरन्शियलवर कमी टॉर्क येतो. फार सुंदर रचना आहे. पण चार पेट्यांचं तेल, सील, बेअरिंग, उष्णता, वजन आणि खर्च हे सगळं सांभाळायची तयारी हवी, हौस म्हणून घ्यायची वस्तू ती नाही.

गाडीत बसतोय का हे बघताना डोळ्यांनी अंदाज करू नका. डिफरन्शियलचा गोळा डावीकडे आहे की उजवीकडे आणि तुमच्या ट्रान्सफर केसचा पुढचा आउटपुट कुठल्या बाजूला आहे हे जुळायलाच हवं. चाकाच्या बोल्टची संख्या, रुंदी, ब्रेकच्या मास्टर सिलेंडरचं प्रमाण, एबीएसचे सेन्सर, पार्किंग ब्रेकची केबल हे सगळं आधी लिहून काढा. रुंद अ‍ॅक्सलने गाडी तिरक्या उतारावर स्थिर होते पण टायर मडगार्डच्या बाहेर येतात, तुमच्याकडच्या वाहन नियमात ते चालतं का आणि विम्याला काय लागतं हे अ‍ॅक्सल विकत घेण्याआधी विचारायचं असतं. ब्रेकची गोष्ट तर कुणी बोलतच नाही. टायर मोठा झाला की तीच डिस्क तितक्याच जोराने दाबली तरी जमिनीवर मिळणारा ब्रेक कमी होतो, म्हणून अ‍ॅक्सल बदलताना ब्रेक मोठे करून घेणं मी ऐच्छिक मानत नाही.

जुना अ‍ॅक्सल घेत असाल तर तेल काढून बघा, लोहचुंबकावर बारीक राखाडी गाळ असेल तर ठीक, चकाकणारे कण किंवा दाताचे तुकडे असतील तर सोडून द्या. हौसिंग वाकलंय का बघायला मागच्या दोन्ही टायरमधलं अंतर पुढच्या आणि मागच्या बाजूने टेपने मोजा, फरक लक्षणीय आला तर ट्यूब वाकलीये. स्पिंडलवर बेअरिंग बसतं ती जागा नखाने चाचपून बघा, खाच लागली तर नवं बेअरिंगही तिथे टिकणार नाही. वर मजबुतीचा ट्रस (पोलादी आधार) वेल्ड करून घेणार असाल तर वेल्डिंग करणाऱ्याला सांगा की थोडं थोडं, बाजू बदलत, थंड होऊ देत करायचं, एका दमात वेल्ड ओढलं तर उष्णतेने हौसिंगच वाकतं आणि मग शाफ्ट बेअरिंग खात बसतो. मधला भाग ओतीव लोखंडाचा असेल तर तो आधी गरम केल्याशिवाय त्याला वेल्ड लावूच नये.

क्राऊन पिनियन बसवणं हे कौशल्याचं काम आहे. पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) हे सगळं डायल गेजने लावायचं असतं, बॅकलॅश साधारण सहा ते दहा हजारांश इंच, म्हणजे जेमतेम दोन-तीन केसांच्या जाडीचं अंतर. मग दातांना रंग लावून गिअर फिरवतात आणि रंगाचा ठसा दाताच्या मधोमध पडतोय का बघतात, टोकाला किंवा मुळाशी पडला तर परत सगळं उघडायचं. कारागीर हा ठसा तुम्हाला दाखवत नसेल तर मागून घ्या. नवे गिअर लगेच खडकात नेऊ नका, आधी हलक्या लोडवर थोडं थोडं चालवून गार होऊ द्यायचं, आणि साधारण ८०० किलोमीटरनंतर पहिलं तेल बदलायचं. ब्रीदरची (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या तोंडाची) नळी बॉनेटपर्यंत उंच न्या. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर तिथून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढलं जातं, तेलाचं दुधाळ पाणी होतं आणि महागडे गिअर गंजतात. एवढीशी रबरी नळी, पण तिच्यावाचून बाकीचा सगळा खर्च वाया.

एवढं सगळं भक्कम केल्यावर काहीच तुटणार नाही असं समजू नका. शाफ्ट भक्कम केला की झटका क्राऊन पिनियनवर जातो, तोही भक्कम केला की प्रोपेलर शाफ्टवर किंवा ट्रान्सफर केसवर. कुठेतरी तुटायचंच असेल तर ते जिथे रस्त्यातच दुरुस्त करता येतं तिथे तुटावं असा सेटअप करा. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा फुल फ्लोटिंगचा शाफ्ट हत्यारं असतील तर जंगलातही बदलता येतो. क्राऊन पिनियन नाही बदलता येत.

तेव्हा माझी शिफारस विचाराल तर ३३ इंचीपर्यंतच्या हलक्या गाडीला आहे तोच चांगला अ‍ॅक्सल, क्रोमोली शाफ्ट आणि मागे एक लॉकर पुरे. ३५ इंचीला चांगल्या स्प्लाइनचा डाना ४४ च्या वर्गातला अ‍ॅक्सल चालतो, पण गाडी जड असेल किंवा दोन्हीकडे लॉकर असतील तर वरच्या वर्गाकडे बघा. ३७ आणि त्याच्या वर गेलात की पुढे मागे एक टनी वर्ग, ३५ स्प्लाइन, मागे फुल फ्लोटिंग, आणि हे परवडत नसेल तर टायर लहान ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. लांबच्या प्रवासाच्या जड गाडीला टायर ३३ चे असले तरी मागे फुल फ्लोटिंग.

संपादक साहेब, विनंती एवढीच की आपल्या वाहनांच्या पानावर एखादी ऑफ-रोड गाडी येते तेव्हा टायरच्या आकाराशेजारी तिच्या दोन्ही अ‍ॅक्सलची माहितीही छापत जा. मागचा सेमी की फुल फ्लोटिंग, शाफ्टला स्प्लाइन किती, क्राऊन किती इंची, अ‍ॅक्सलचं वजनाचं रेटिंग किती आणि लॉकर आहे का. पाच गोष्टी, दोन ओळींत मावतात, आणि कंपनीकडे मागितल्या तर त्यांना द्याव्या लागतील.

आपला,
एक नियमित वाचक